स्मॉल ग्रुपमध्ये सगळे येतात, पण एकमेकांना ओळखतात का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एकटेपणाबद्दल हल्ली सगळीकडेच लिहून येतं, वाचकांची पत्रंही असतात, पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आत, आठवड्याला न चुकता भेटणाऱ्या माणसांमध्ये जो एकटेपणा असतो त्याबद्दल कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, काटछाट करायची झाली तर जरूर करा, फक्त प्रार्थना-विनंत्यांबद्दलचा भाग ठेवा कारण माझं मुख्य म्हणणं तिथेच आहे.

मी ख्रिस्ती आहे, बरीच वर्षं स्मॉल ग्रुपमध्ये जाते आणि आता ग्रुप चालवायची जबाबदारीही माझ्याकडे आहे. जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रविवारच्या उपासनेला खूप लोक असतात, तिथे बोलणारा एक आणि ऐकणारे बाकी सगळे, मग शेजारी कोण बसलंय हेही कळत नाही. म्हणून मंडळी आठ-दहा-बारा जणांचे छोटे गट करते. कोणी त्याला सेल ग्रुप म्हणतं, कोणी होम ग्रुप. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, एखादं गीत, बायबलमधला एखादा उतारा, त्यावर चर्चा आणि शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना. हेतू असा की इथे तरी माणसं एकमेकांची होतील.

आणि होतात का? माझ्या ओळखीत असे ग्रुप आहेत जे कित्येक वर्षं एकत्र आहेत, सगळ्यांचे वाढदिवस सगळ्यांना पाठ, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी बायबलमधलं वचन येतं, आणि तरी त्यातल्या एखाद्याचा संसार मोडला की ती बातमी ग्रुपला बाहेरून कळते. एखादा कर्जात बुडालेला असतो, एखादीची देवाशीच बोलाचाली बंद असते, प्रार्थनाच करवत नाही, आणि ती दर आठवड्याला येऊन डोळे मिटून बसते आणि "आमेन" म्हणून घरी जाते. आणि यातले कोणीच खोटारडे नसतात बरं का, चांगली, मनापासून येणारी माणसं असतात.

तर हे का होतं यावर मी खूप विचार केला आणि मला वाटतं त्याचं उत्तर आपल्या प्रार्थना-विनंत्यांमध्येच सापडतं. कुठल्याही ग्रुपमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत कान देऊन ऐका. मामेभावाचं ऑपरेशन आहे. ऑफिसमधल्या एकांच्या मुलीची परीक्षा आहे. शेजारच्या काकूंचे गुडघे. हे चुकीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, त्या सगळ्यांसाठी प्रार्थना झालीच पाहिजे. पण नीट बघितलं तर प्रत्येक विनंती तिथे नसलेल्या माणसाची असते, जो बोलतोय तो स्वतः त्यात कुठेच नसतो. आणि स्वतःबद्दल बोललंच तर ते भूतकाळात. "मागच्या वर्षी मी फार खचलो होतो, पण देवाने सांभाळलं." साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे सगळ्यांसमोर सांगणं, ही संकट संपल्यावरच द्यायची असते असं आपण कुठूनतरी शिकून बसलोय. आत्ता, या आठवड्यात, अजून काही सुटलेलं नसताना मला काय होतंय हे सांगायला आपल्याकडे जागाच ठेवलेली नाही. मग आपण एकमेकांच्या नातेवाईकांना ओळखायला लागतो आणि एकमेकांना नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एक ताई कितीतरी महिने "माझ्या एका मैत्रिणीला झोप लागत नाही, तिच्यासाठी प्रार्थना करा" असं सांगायच्या आणि आम्ही करायचो. एक दिवस चर्चा दुसऱ्याच विषयावर चालू असताना त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, ती मैत्रीण मीच आहे. कोणी काही बोललं नाही, शेजारच्या बाईंनी फक्त त्यांचा हात धरला, आणि त्या दिवशी उतारा अर्धाच राहिला. पण त्यानंतर आमचा ग्रुप पहिल्यासारखा राहिला नाही, पुढच्याच आठवड्यात आणखी दोघं स्वतःबद्दल बोलले, जे मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

आता असं बोलायला माणूस का घाबरतो? मला दोन भीती दिसतात. पहिली, बोललेलं बाहेर जाईल, आणि तेही प्रार्थनेच्या नावाखाली. "अमक्यासाठी जरा जास्त प्रार्थना करा हं, त्यांच्या घरी काय चाललंय माहितेय का..." हे वाक्य ज्याने एकदा ऐकलंय तो स्वतःबद्दल तोंड उघडणारच नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात चहाडखोर गुपितं उघडी करतो पण विश्वासू मनाचा माणूस ती झाकून ठेवतो असं सरळ सांगितलंय, आणि आपण चहाडीला कळकळ म्हणतो. दुसरी भीती उपदेशाची. म्हणजे तुम्ही अजून वाक्य पूर्ण करताय तेवढ्यात समोरच्याकडे वचन तयार असतं, उपाय तयार असतो, स्वतःच्या चुलत भावाचं उदाहरण तयार असतं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते फार चांगले मित्र होते. पुढे ते बोलायला लागले आणि मग अध्यायामागून अध्याय त्याला दोषच देत राहिले. आम्ही ग्रुपमध्ये आता एक साधी गोष्ट करतो, कोणी काही सांगितलं की आधी विचारतो, तुम्हाला आत्ता नुसतं कोणी ऐकायला हवंय की सल्ला हवाय? बहुतेक वेळा उत्तर येतं, नुसतं ऐका.

या गुप्ततेबद्दल मला एक उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. दीट्रिख बोन्होफर हे जर्मन पाळक (म्हणजे पास्टर), नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या कन्फेसिंग चर्चसाठी त्यांनी १९३५ मध्ये पाळक तयार करणारी एक छोटी सेमिनरी चालवली, ती लवकरच फिंकेनवाल्डे इथे गेली आणि १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद पाडली. तिथे एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक नियम घालून दिला होता, की आपल्यातला एखादा समोर नसताना त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि चुकून बोललं गेलंच तर त्याला जाऊन ते सांगायचं. बघा, बाहेर पोलिसांची नजर, चर्चमध्ये फूट पडलेली, कितीतरी मोठे प्रश्न समोर होते, आणि तरी त्यांना हा इतका छोटा नियम महत्त्वाचा वाटला. मला वाटतं प्रत्येक ग्रुपने नुसता हा एक नियम जरी घेतला, नुसता मान्य करायचा म्हणून नाही तर खरंच जाऊन "मी काल तुझ्याबद्दल बोलले, मला माफ कर" म्हणण्याइतका घेतला, तर सहा महिन्यांत ग्रुपची हवा बदलेल.

पण इथे एक गोष्ट ठामपणे लिहायला हवी, कारण गुप्ततेच्या नावाखाली भयंकर गोष्टीही दाबल्या जातात. कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी स्वतःचं काही बरंवाईट करायच्या विचारात असेल, घरात मारहाण होत असेल, लहान मुलाचं शोषण होत असेल, तर ते ग्रुपपुरतं ठेवायचं नसतं. तिथे डॉक्टर, समुपदेशक, पोलिस, जे योग्य असेल त्यांच्याकडे जायचं, आणि घरात मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, आम्ही प्रार्थना करतोय" असं सांगून परत त्याच घरात पाठवायचं नाही. ही मर्यादा ग्रुप सुरू होतानाच सगळ्यांसमोर सांगून ठेवावी, म्हणजे वेळ आल्यावर कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही. स्मॉल ग्रुप हा उपचार नाही. तो उपचारांपर्यंत जाताना सोबत करू शकतो, आणि तेही काही कमी नाही.

आता काही जण म्हणतील की ही सगळी नवीन मानसशास्त्राची भाषा झाली, आपण वचनासाठी जमतो, मन मोकळं करायला नाही. त्यांना मी नम्रपणे सांगेन की नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, उघडून "एकमेकांवर", "एकमेकांची", "एकमेकांसाठी" असं जिथे जिथे म्हटलंय ते नुसतं शोधून बघा, किती वेळा येतं ते. एकमेकांची ओझी वाहा असं गलतीकरांस पत्रात आहे, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा हे याकोबाने लिहिलंय, रडणाऱ्यांबरोबर रडा हे रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात. आता मला सांगा, यातली कुठली आज्ञा ओळीने लावलेल्या खुर्च्यांवर पुढच्याच्या पाठीकडे बघत पाळता येते? जे ओझं मला माहीतच नाही ते मी वाहणार कसं? ही पत्रं ज्यांना लिहिली ते लोक घरांमध्ये जमत होते. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला यातली बरीच पत्रं लिहिणारा पौल सलाम सांगतो, फिलेमोनाच्या घरातली मंडळी आहे, कलस्सैकरांस पत्रात नुंफाच्या घरातली आहे. म्हणजे या आज्ञा समोरासमोर बसलेल्या माणसांनाच दिलेल्या होत्या.

आणि पुढच्या इतिहासातही हे परत परत दिसतं. जर्मनीत फ्रँकफर्टला फिलिप याकोब स्पेनर या पाळकाने १६७० मध्ये आपल्या घरी छोट्या सभा सुरू केल्या, कारण नुसतं प्रवचन ऐकून लोक बदलत नाहीत हे त्याला दिसत होतं. जॉन वेस्ली, म्हणजे ज्यांच्यापासून मेथॉडिस्ट पंथ सुरू झाला ते इंग्लिश पाळक, त्यांची गोष्ट तर मला फार आवडते. ब्रिस्टलमध्ये त्यांच्या प्रार्थनागृहावर कर्ज झालं होतं, ते फेडायचं कसं यावर १७४२ मध्ये चर्चा चालली होती, तेव्हा एकाने सुचवलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि साधारण बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी, आणि ज्याच्याकडे नसेल त्याची पेनी त्यानेच भरावी. आता पेनी गोळा करायला घरात गेल्यावर त्या लोकांना माणसं कशी राहतात ते दिसायला लागलं. कोण दारू पितोय, कुठे भांडणं आहेत, कोण उपाशी आहे. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच, आणि मग घरोघर फिरण्याऐवजी ते बारा जण एकत्र भेटायला लागले, तेच पुढे मेथॉडिस्टांचे क्लास झाले. पैशाच्या निमित्ताने का होईना, कोणीतरी दाराच्या आत गेलं आणि विचारलं, तुमचं कसं चाललंय.

त्याच्याही आधी, १७३८ मध्ये, वेस्लीने आणखी छोट्या गटांसाठी नियम लिहून काढले होते. आठवड्यातून निदान एकदा भेटायचं, वेळेवर यायचं, आणि प्रत्येकाने आपल्या आत्म्याची खरी स्थिती मोकळेपणाने सांगायची. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे जी आपण अगदी विसरलोय, ती म्हणजे आधी एकाने स्वतःची स्थिती सांगायची आणि मगच बाकीच्यांना विचारायचं. आपल्याकडे उलटं चालतं. लीडर प्रश्न विचारतो, बाकीचे उत्तरं देतात, आणि लीडर स्वतः काय झेलतोय हे कोणालाच कळत नाही, कारण लीडरने खंबीर दिसायला हवं असं आपल्याला वाटतं.

पण येशूने काय केलं ते बघा ना. गेथशेमाने बागेत तो पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना बरोबर घेऊन पुढे गेला आणि त्यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. तो प्रभू, तो गुरू, आणि तो आपल्या शिष्यांना सांगतोय की मला सोबत हवी आहे. नंतर नाही, पुनरुत्थान झाल्यावर साक्ष म्हणून नाही, त्याच रात्री, अजून काहीच सुटलेलं नसताना. आणि ते तिघं झोपले, हेही तितकंच खरं. म्हणजे तुम्ही मन उघडाल आणि समोरचे लोक झोपतील हेही होऊ शकतं, त्याची हमी कोणी देत नाही. पण त्या तिघांना त्याने नंतरही सोडलं नाही. पौलानेही करिंथकरांना लिहिताना लपवलं नाही की आशियात आम्ही इतके दडपून गेलो होतो की जगण्याचीही आशा उरली नव्हती. ज्यांना हे चालत होतं त्यांच्यापेक्षा आपले लीडर मोठे आहेत का?

सगळ्यांनी सगळ्यांना सगळं सांगावं असंही माझं म्हणणं नाही. येशूला बारा होते, पण त्या रात्री तो तिघांनाच पुढे घेऊन गेला. आठ जणांचा ग्रुप असला तर त्यात दोन-दोन माणसांची मिळून अठ्ठावीस नाती होतात, बारा जणांचा झाला की सहासष्ट, आणि सोळा जण झाले की एकशे वीस. आकडेमोड करून बघा. एकशे वीस नाती कोणीच सांभाळू शकत नाही, मग चार बोलके लोक बोलतात आणि बाकीचे ऐकतात, म्हणजे घरातच छोटी रविवारची उपासना सुरू होते. म्हणून आम्ही प्रार्थनेच्या वेळी तीन-तीन जणांत बसतो, बायका बायकांमध्ये, पुरुष पुरुषांमध्ये, आणि तेच तिघं काही महिने कायम ठेवतो. मोठ्या वर्तुळात जे कधीच बोलले नसते ते लोक तिथे बोलतात, मुद्दाम सांगावंसं वाटतं की पुरुषसुद्धा.

वेळेबद्दलही लिहिते. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा २०१८ मध्ये आलेला अभ्यास आहे, त्यात नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, आणि जिवलग मैत्रीला २०० तासांच्या वर, असा अंदाज निघाला. आता आपला ग्रुप दीड तासाचा धरा, वर्षाचे ५० आठवडे एकही न चुकवता आलात तरी ७५ तास होतात, आणि त्यातले निम्मे तर गाण्यात आणि उतारा वाचण्यात जातात. म्हणजे नुसत्या मीटिंगच्या भरवशावर राहिलं तर जवळची मैत्री व्हायला कितीतरी वर्षं जातील, तोवर निम्मे लोक घर बदलून किंवा नोकरी बदलून गेलेले असतात. नातं मीटिंगच्या बाहेर होतं. हॉस्पिटलमध्ये रात्री कोण थांबलं, घर बदलताना सामान उचलायला कोण आलं, मंगळवारी काही कारण नसताना फोन कोणी केला, त्याच्यावर. नुसतं "कशी आहेस" नाही, तर मागच्या आठवड्यात तू म्हणाली होतीस की बुधवारी रिपोर्ट येणार आहे, काय आलं? हे लक्षात ठेवणं म्हणजेच मला वाटतं अर्धी प्रार्थना आहे. मी वहीत लिहून ठेवते, कारण लक्षात राहत नाही, आणि लिहून ठेवण्यात काही कमीपणा नाही.

भांडणं होतात, तीही होणारच. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात मार्क नावाच्या सहकाऱ्यावरून इतकं कडाक्याचं वाजलं की दोघं वेगळ्या वाटेने गेले, आणि पुढे बऱ्याच काळाने तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं आधी त्या एका माणसाकडे एकट्याने जावं, ग्रुपवर मेसेज टाकून किंवा पाळकांना मध्ये घालून नाही, एवढंच म्हणते.

शेवटी पाळकांना आणि मंडळीच्या कमिटीला एक विनंती, आणि यासाठीच मी हे पत्र खाजगी न लिहिता पेपरला पाठवते आहे, कारण हा प्रश्न एका मंडळीचा नाही. ग्रुप वाढला की त्याचे दोन करायचे, दोनाचे चार, हा आता सगळीकडे नियम झालाय. दक्षिण कोरियात सोलच्या योईदो चर्चने १९६० च्या दशकापासून घरोघरच्या सेल ग्रुपवर केवढी मोठी वाढ केली हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातलं चांगलं मी नाकारत नाही, नवीन माणसाला जागा मिळालीच पाहिजे. पण होतं काय, दीड-दोन वर्षांनी माणसं नुकती कुठे खरं बोलायला लागलेली असतात आणि नेमका तेव्हाच ग्रुप फोडला जातो. ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे तोंड उघडलेलं असतं तिला परत अनोळखी माणसांत पहिल्यापासून सुरुवात करायला सांगतात. एकदा करेल, दुसऱ्यांदा नाही करणार, ती फक्त ऑपरेशन आणि परीक्षाच सांगत राहील. म्हणून ग्रुपचे दोन करायचेच असतील तर ते तिघा-तिघांचे गट तोडू नका, त्यांना एकत्रच नव्या ग्रुपमध्ये जाऊ द्या. ग्रुपचा निर्णय ग्रुपला विचारून घ्या. आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये किती जण आले याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा, या महिन्यात मीटिंगशिवाय कोण कोणाला भेटलं. नावं लिहायची गरज नाही, हो किंवा नाही एवढंच पुरे, पण तो रकाना असला की निदान लीडरच्या मनात तो प्रश्न राहील.

आपली,
एक वाचक